सोळावर थांबलेला काटा

आमच्या वडगावात सकाळ झाली की गल्लीगल्लीत मागांचा खडखडाट सुरू होतो. इथं जन्मलेल्या माणसाला तो ऐकूही येत नाही. मात्र चाललेला माग मधेच थांबला की लगेच कान टवकारतात. यंत्राचं असंच आहे. नीट चाललंय तोवर आपण त्याच्याकडे बघत नाही. बिघडलं की घाबरतो, आणि पहिला जो सल्ला मिळेल तो खरा मानून पैसे मोजायला तयार होतो. आज त्या सल्ल्याबद्दल आणि सल्ला देणाऱ्याबद्दल लिहायचं आहे. वाचकहो, सल्ला देणारा दुसरा कोणी नव्हता, मीच होतो.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. थोरल्या ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, संध्याकाळी गाडी घेऊन दारात आला. तो गोव्याच्या ट्रिपा मारतो. कर्ज काढून त्यानं सेकंडहँड गाडी घेतली आहे. पेट्रोलची, पण टर्बो असलेली. आधीच्या मालकानं हौसेनं तिच्या डॅशबोर्डावर एक गोल घड्याळ बसवून घेतलं होतं. मधे शून्य, डावीकडे व्हॅक्यूमचे आकडे, उजवीकडे बूस्टचे.

"मामा, गाडी चोर्ला घाटात ओढेनाशी झालीय. चारजण बसले की दम टाकते," भाचा म्हणाला. "मेस्त्रीला दाखवली. ते म्हणाले, जागेवर चालू ठेवली की काटा सोळावर थांबतोय, म्हणजे रिंगा गेल्या. इंजिन खोलायला लागणार. सत्तर हजार तरी धरा म्हणाले. तुम्ही बघा की जरा."

मी बघितलं. इंजिन तापलेलं होतं, गाडी जागेवर चालू होती आणि काटा सोळावर होता. न हलता, न थरथरता. माझं निम्मं आयुष्य गॅरेजात गेलं. पुस्तकातला आकडा मला पाठ आहे: धडधाकट इंजिनाचं व्हॅक्यूम आयडलिंगला अठरा ते एकवीस इंच. सोळा म्हणजे कमीच. मी म्हटलं, "मेस्त्री बरोबर बोलतोय रे. खोलून घे."

भाचा काही बोलला नाही. रात्री ताईचा फोन आला. "तू म्हणतोस तर करूया. धाकटीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी बाजूला ठेवलीय, तीच देते. पुढचं पुढं बघू." फोन ठेवला, पण झोप येईना. सोळा हा आकडा मी आधी कुठंतरी बघितलेला होता.

मग आठवलं. १९८६ साल. मी तेव्हा एका गॅरेजात कामाला होतो. आमच्याच गल्लीतले एक विणकर काका. मागावर भागेना म्हणून त्यांनी जुनी ॲम्बॅसॅडर घेऊन टॅक्सीला लावली होती. गाडी पेट्रोल फार खाते म्हणून माझ्याकडे आले. मी नवीनच आणलेला व्हॅक्यूम गेज लावला. काटा सोळा. त्याच पुस्तकाच्या जोरावर मी सांगितलं, "काका, बोरिंग करायला पाहिजे." त्यांनी भिशी उचलली आणि पैसे भरले. पिस्टन, रिंगा, सगळं नवीन घातलं. पुन्हा गेज लावला तर काटा साडेसोळा. काकांनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "इंजिन अजून बसायचंय." पुढं पेट्रोल कमी झालं ते कार्बोरेटर खोलून साफ केल्यावर. त्या साडेसोळाचा विचार मी केलाच नाही. पस्तीस वर्षांहून जास्त काळ.

आता त्या काट्याकडे नीट बघूया. व्हॅक्यूम म्हणजे पोकळी, पण इंजिनात पूर्ण पोकळी कधीच नसते. पिस्टन खाली जाताना हवा आत ओढतो. पेट्रोल गाडीत त्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. पाय काढलेला असला की ती जवळजवळ मिटलेली. हवा ओढायला जोर आहे, पण यायला वाट नाही, म्हणून झडपेच्या पुढच्या भागात, मॅनिफोल्डमध्ये, हवा विरळ होते. काटा मोजतो तो आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक. आतला दाब तो एकटा सांगत नाही. हे एवढं वाक्य मी १९८६ साली समजून घेतलं असतं तर काकांची भिशी वाचली असती.

बाहेरची हवा सगळीकडे सारखी नसते. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हे वेगळ्या वाटेनं ठाऊक असतं. विहीर खोल असली की पंप काठावर ठेवून चालत नाही, आत खाली ओट्यावर बसवावा लागतो. कारण पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरची हवा पाण्याला वर ढकलत असते, आणि तिच्या जोराला मर्यादा आहे. समुद्रकाठी हिशेबानं ती चौतीस फुटांच्या आसपास येते. प्रत्यक्षात वीस-पंचवीस फुटांच्या पुढं जाऊ नये. पाण्याऐवजी जड पारा घेतला तर हवा त्याला तीस इंचांपर्यंतच उचलून धरते. हे टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञानं १६४३ साली दाखवलं. म्हणून तर आपल्या गेजवर आजही 'इंच पारा' हे माप आहे.

त्याच्या पाच वर्षांनी, १६४८ मध्ये, फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालनं आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन प्युई द डोम नावाच्या डोंगरावर पाठवलं. मेहुणा हुशार. त्यानं एक नळी पायथ्याला माणूस बसवून ठेवली आणि दुसरी घेऊन तो वर चढला. माथ्यावर पारा तीन इंचांहून थोडा जास्त उतरला होता. पायथ्याची नळी मात्र दिवसभर होती तिथंच होती. डोंगर चढला की डोक्यावरची हवा कमी होते आणि तिचा दाबही कमी होतो, हे त्या दिवशी पक्कं झालं.

आता बेळगावचा हिशेब मांडूया. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर, म्हणजे अडीच हजार फुटांच्या आसपास उंच आहे. उंची हजार फूट वाढली की पारा साधारण एक इंच उतरतो. समुद्रकाठी बाहेरच्या हवेचा दाब २९.९ इंच असेल तर आपल्याकडे तो २७.४ च्या घरात. अडीच इंचांचा फरक! पुस्तकातला 'अठरा ते एकवीस' हा आकडा समुद्रसपाटीचा. वडगावात तो साडेपंधरा ते साडेअठरा असा वाचायला पाहिजे. म्हणजे भाच्याच्या गाडीचा सोळा काही आजारी माणसाचा आकडा नव्हता. आमच्या गावात तो तब्येत ठीक असल्याचाच आकडा होता.

पण कागदावरच्या हिशेबावर ताईचे पैसे वाचले असं म्हणायला मी तयार नव्हतो. एकदा तोंड पोळलं होतं. सकाळी भाच्याला फोन केला, "मेस्त्रीला सांग, चार दिवस थांबा. परवा तुझी गोव्याची ट्रिप आहे ना? मी पुढं बसतो."

निघताना वडगावात इंजिन चांगलं तापवलं, एसी बंद, दिवे बंद, गिअर न्यूट्रल. काटा सोळा. मग जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलो. प्रवाशांना सोडून साखळीला चहाला थांबलो. तिथं पुन्हा तसंच सगळं बंद करून गाडी जागेवर चालू ठेवली. काटा साडेअठरावर जाऊन थांबला. भाचा माझ्याकडे बघत राहिला. "मामा, इंजिन गोव्यात दुरुस्त झालं की काय?"

दुरुस्त काही झालं नव्हतं. वजाबाकी करून बघा. वडगावात बाहेर २७.४, फरक १६, म्हणजे आत ११.४. साखळीला बाहेर २९.९, फरक १८.५, आतही ११.४. जागेवर फिरायला इंजिनाला जेवढी हवा लागते तेवढीच ते दोन्हीकडे घेत होतं. बदललं होतं ते बाहेरचं जग. पास्कालच्या मेहुण्यानं केलं तेच आम्ही चहाच्या टपरीवर केलं, एवढंच.

आता प्रश्न उरला: इंजिन ठीक आहे तर घाटात गाडी ओढत का नाही? इथं घड्याळाची उजवी बाजू कामाला येते.

टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. फुकट जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायची ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरची. तिचं पेटंट १९०५ सालचं. उंचावर तिचा उपयोग किती, हे अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली दाखवलं. त्यांनी विमानाचं इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच डोंगरावर नेलं. सपाटीवर ३५० हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर ते पुन्हा ३५० च्या पुढं गेलं. आपण घाटावर राहणाऱ्यांना टर्बोची गाडी बरी वाटते, त्यामागं हेच आहे.

गाडी जागेवर असते किंवा सावकाश जात असते तेव्हा काटा डावीकडे, व्हॅक्यूममध्ये. चढ लागला, पाय दाबला, झडप उघडली, की काटा शून्याकडे येतो. शून्य म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब सारखा. टर्बोनं जोर धरला की काटा उजवीकडे जातो, म्हणजे बाहेरच्यापेक्षा आत जास्त दाब. हा दाब पीएसआयमध्ये किंवा बारमध्ये लिहिलेला असतो. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. तो हवा तेवढाच राहावा म्हणून वेस्टगेट नावाचं दार जादा धूर चक्राला चुकवून बाहेर सोडतं. भाच्याच्या गाडीच्या आधीच्या मालकानं कागदावर लिहून ठेवलं होतं: पूर्ण बूस्ट बारा पीएसआय.

परतताना केरीहून घाट चढायला लागलो. मी भाच्याला सांगितलं, "तू रस्त्याकडे बघ, काट्याकडे मी बघतो." तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी काटा चारच्या वर जाईना. आणि कान देऊन ऐकलं तर बॉनेटखालून बारीक 'फुस्स' असा आवाज. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह ढिला झाला की येतो तसा.

आता दोन्ही बाजू एकत्र वाचा. गळती थ्रॉटलच्या पुढं, मॅनिफोल्डला असती, तर जागेवर चालू असतानाच तिथून फाजील हवा आत शिरली असती आणि साखळीला काटा साडेअठरावर गेलाच नसता. व्हॅक्यूम चांगलं आहे, बूस्ट मात्र येत नाही. म्हणजे गळती थ्रॉटलच्या अलीकडं, टर्बोपासून झडपेपर्यंतच्या वाटेत. किंवा मग वेस्टगेटचं दार नीट मिटत नसेल, एअर फिल्टर चोंदला असेल, नाहीतर टर्बोच्या आधीच धूर कुठून निसटत असेल. पण आम्हाला 'फुस्स' ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, त्याच मेस्त्रींकडे गेलो. मुद्दाम त्यांच्याकडेच. माझीही चूक झाली होती, मग त्यांना एकट्याला का दोष द्यायचा? मी म्हटलं, "मेस्त्री, खोलायच्या आधी एकदा पाईप बघूया." त्यांनी इंटरकूलरकडून थ्रॉटलकडे येणारा जाड रबरी पाईप चाचपला. क्लिपच्या खाली, वरून दिसणार नाही अशा बाजूला, तेलकट काळा डाग. टर्बोतून हवेबरोबर थोडा तेलाचा अंश येतोच. गळतीच्या जागी तो धूळ धरून बसतो. साबणाचं पाणी लावून थोड्या दाबानं हवा सोडली आणि बुडबुडे आले. बोटभर चीर. दाब नसला की मिटलेली, दाब आला की उघडणारी. नवा पाईप आणि दोन क्लिपा मिळून हजार-बाराशेत काम झालं. मेस्त्रींनी मजुरी घ्यायला नकार दिला. भाच्यानं ती बळेच त्यांच्या खिशात घातली. पुढच्या ट्रिपेला काटा बारावर गेला.

आता ज्यांच्या गाडीत असं घड्याळ आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. पेट्रोल गाडीचा काटा इंजिन तापल्यावर आकड्यावर स्थिर उभा राहिला पाहिजे. ठरावीक अंतरानं तो खाली टिचकी मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल. न थांबता थरथरत असेल आणि रेस वाढवल्यावर स्थिर होत असेल तर व्हॉल्व्हच्या गाईड झिजल्या असतील. रेस अडीच-तीन हजारांवर धरून ठेवली आणि काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर कुठंतरी चोंदला असेल. बूस्टचा काटा नेहमीपेक्षा फार वर जायला लागला तर खूश होऊ नका. वेस्टगेटचं दार अडकलं असेल किंवा त्याची नळी सुटली असेल. अशी गाडी दामटली की पिस्टनला धोका. आणि काट्यानं नुसता संशय घ्यायचा असतो. इंजिन खोलायच्या आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. पण ते तपासतानाही लक्षात ठेवा, बेळगावात तो आकडासुद्धा समुद्रकाठापेक्षा शेकड्यात सात-आठ कमीच येणार.

डिझेलवाल्यांनी घाबरू नये. डिझेल इंजिनाचा जोर डिझेल कमी-जास्त करून ठरवतात, हवा अडवून नाही. त्यामुळं जागेवर काटा शून्याच्या आसपास दिसला तर तो बिघाड नाही. त्यांच्या ब्रेकसाठी लागणारं व्हॅक्यूम वेगळा पंप तयार करतो.

आणि हल्ली स्टिअरिंगखाली लावायचं छोटं यंत्र मिळतं, ते मोबाईलवर मॅनिफोल्डचा दाब किलोपास्कलमध्ये दाखवतं. ते फरक मोजत नाही, पूर्ण दाब मोजतं. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा. बेळगावात ते ९२-९३ च्या आसपास दाखवील, पणजीत १०१. तो तुमच्या गावच्या हवेचा आकडा. पुढचं सगळं त्याच्यापासून मोजायचं.

ताईला फोन केला, फीचे पैसे फीलाच ठेव म्हणून. ती म्हणाली, "बरं झालं बाई." एवढंच. पण माझं काम संपलं नव्हतं.

विणकर काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. काकी आहेत. रविवारी त्यांच्याकडे गेलो. आतल्या खोलीत मुलाचा माग चालू होता, त्यामुळं मोठ्यानं बोलावं लागत होतं. मी सगळं सांगितलं. ॲम्बॅसॅडर, सोळा, साडेसोळा, बेळगावची उंची, सगळं. म्हटलं, "काकी, त्या वेळी इंजिन खोलायची गरज नव्हती. चूक माझी होती."

काकी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ते घरी येऊन म्हणाले होते रे. पैसे घातले, पण काटा तिथंच राहिला. मी म्हटलं, मग विचारा की त्याला. ते म्हणाले, नको, पोरगं नवीन आहे, मन मोडेल त्याचं."

मला काही बोलता आलं नाही. त्यांनी चहा ठेवला, तो घेतला आणि निघालो.

वाचकहो, ज्यांना आपल्यापेक्षा कमी कळतं असं आपण धरून चालतो, त्यांना काटा हलला नाही हे दिसलेलं असतं. ते फक्त आपल्याला विचारत नाहीत. म्हणून ज्याच्या हातात गेज आहे त्यानंच स्वतःला विचारलं पाहिजे, की हा आकडा लिहिणारा कुठं उभा होता आणि मी कुठं उभा आहे.

भाच्याच्या गाडीच्या खणात आता एक चिठ्ठी आहे, माझ्या अक्षरात: 'वडगाव १६, साखळी साडेअठरा, घाटात बूस्ट १२.' तुमच्या गाडीसाठीही अशी एक लिहून ठेवा. गाडी चांगली चालत असताना लिहा. बिघडल्यावर तिचा उपयोग होईल.